सही घेतली म्हणजे सुरक्षा दिली असे होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात किंवा बांधकामावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य बहुधा ठरलेले असते : संबंधित कामगाराने सुरक्षा साधने वापरली नव्हती. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या भांडारात मी सत्तावीस वर्षे काम केले आणि हेल्मेट, हातमोजे, बूट खिडकीतून देऊन नोंदवहीत सही घेणे हे माझ्याकडेच होते. त्या अनुभवावरून लिहितो की चौकशी या वाक्यापाशी संपते, ती खरे तर तेथून सुरू व्हायला हवी. दिलेले साधन त्या कामाचे होते का, त्या माणसाच्या मापाचे होते का आणि त्या दिवशी ते धड अवस्थेत होते का, हे कोणी विचारत नाही.

निवडीपासूनच गडबड होते. आमच्याकडे मागणीपत्रावर ‘हातमोजे, २०० जोड्या’ एवढेच लिहून येई आणि सर्वांत कमी दराचे सुती मोजे खरेदी होत. सुती मोजा आम्ल शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात परवडला, कारण तो निदान लगेच धुता तरी येतो. साधे रबर तेलाने व पेट्रोलने फुगते, तेथे नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे लागतात, वेल्डिंगला चामड्याचे. ड्रिल मशीनवर तर मोजा घालायचाच नसतो, कारण फिरणाऱ्या भागात तो अडकला की बोटांसह हात ओढला जातो. असे असूनही आमच्या ड्रिल मशीनच्या वर ‘हातमोजे अनिवार्य’ अशी पाटी कित्येक वर्षे टांगलेली होती. त्या मशीनवरच्या कामगारांना मोजे मीच देत होतो आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही, हे येथे कबूल करतो.

बुटांचे उदाहरण तर नागपूरकरांना अधिक जवळचे वाटेल. वीजवाहिनीवर काम करणाऱ्याला विद्युतरोधक तळ हवा असतो. उलट आपल्या जिल्ह्यातील स्फोटकांच्या कारखान्यांत अंगावर साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरून जावी लागते, म्हणून तेथे वीजवाहक तळाचे बूट लागतात. एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचे मरण. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्याच शहरातील दुकानांत मात्र ‘सेफ्टी शूज’ म्हटले की सगळ्या कामांसाठी एकच जोड पुढे केला जातो.

मापाविषयी काय सांगावे! आमच्याकडे आठ आणि नऊ क्रमांकाचेच बूट येत. पॅकिंग विभागातील एका ताईंचा पाय चार क्रमांकाचा, त्या बुटाच्या पुढच्या टोकात चिंध्या कोंबून चालत. त्या बुटाची पोलादी टोपी २०० जूलचा, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडल्याचा आघात सोसते. पण त्या टोपीखाली ताईंच्या बोटांऐवजी चिंध्याच होत्या, आणि जिन्यावर अडखळून पडण्याचा धोका वेगळाच. पुढे त्यांनी बूट सोडून चपला घातल्या, तेव्हा त्यांना ‘बेशिस्त’ म्हणून लेखी ताकीद मिळाली. चष्मा असलेल्या कामगाराला दिलेला गॉगल चष्म्यावर बसत नाही, हीही त्याच जातीची गोष्ट. धुळीच्या मास्कवर लिहिलेले ९४ किंवा ९९ टक्के हे आकडे कापडाच्या गाळणक्षमतेचे असतात. दाढीमुळे किंवा सैल पट्ट्यामुळे कडेने फट राहिली तर हवा तेथूनच आत जाते.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये हेल्मेट डोक्यावर ठेवणे किती कठीण असते, हे वातानुकूलित खोलीतून परिपत्रक काढणाऱ्यांनी एकदा दुपारी दोन वाजता अनुभवून पाहावे. हवा खेळणारे हेल्मेट व धुता येणारी घामपट्टी मिळते. विजेच्या कामाला मात्र छिद्रे असलेले हेल्मेट चालत नाही. तेथे कामाची वेळ पहाटेकडे सरकवणे हाच उपाय.

देखभाल हा तर सर्वांत उपेक्षित भाग. हेल्मेटचे कवच आणि आतील पट्ट्यांची जाळी यांमधली मोकळी जागाच आघात पचवते. तिच्यात तंबाखूची पुडी किंवा मोबाइल ठेवला की हेल्मेट नुसती टोपी उरते. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, निर्मितीची तारीख आतल्या बाजूला कोरलेली असते, आणि एकदा जबर मार बसलेले हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद करायचे असते. उंचीवरच्या कामासाठी अंगाभोवती बांधायचा पट्ट्यांचा हार्नेसही एकदा पडणाऱ्याला झेलल्यावर पुन्हा वापरायचा नसतो. विजेच्या कामाचे रबरी मोजे दरवेळी हवा भरून, मनगटाकडून गुंडाळत, कुठे गळते का हे पाहूनच घालायचे. इअरप्लग पाळीचा निम्मा वेळ काढून ठेवले, तर ३० डेसिबलचे संरक्षण जेमतेम ३ डेसिबलवर येते. यांतले काहीही सही घेताना सांगण्याची सूचना मला कधी मिळाली नव्हती. निवृत्तीच्या आधी दोन वर्षे एका प्रशिक्षणात मीच ते प्रथम ऐकले.

ठेकेदाराच्या माणसांची स्थिती याहून बिकट. बुटांचे पैसे त्यांच्या मजुरीतून कापल्याचे मी पाहिले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ ने अशी वसुली स्पष्ट शब्दांत मना केली होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेतही सुरक्षेच्या व्यवस्थेसाठी कामगाराकडून शुल्क घेण्यास बंदी आहे. ज्याचे पैसे कापले जातात, तो बूट फाटला तरी बदलून मागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या नोंदवहीत पाच रकाने होते : नाव, बिल्ला क्रमांक, वस्तू, तारीख, सही. माप, कोणत्या कामासाठी दिले, बदलण्याची तारीख आणि परत आले असल्यास कशामुळे, हे चार रकाने नव्हते. अपघातानंतर आलेल्यांनी दरवेळी सहीचे पान मागितले, हेल्मेट दाखवा असे एकदाही कोणी म्हटले नाही. आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की अशा बातमीत या चार गोष्टी, आणि यंत्राभोवती जाळीचे कुंपण किंवा धूळ ओढणारा पंखा असता तर त्या साधनावर विसंबण्याची वेळच आली असती का, हे विचारावे. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर येथील कारखानदारांनीही येत्या ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी घोषणांचे फलक लावण्याऐवजी भांडाराची खिडकी दिवसभर उघडी ठेवावी, ठेकेदाराच्या माणसांसह प्रत्येकाचे हेल्मेट व बूट हातात घेऊन तपासावेत, मापाचे नसतील ते बदलून द्यावेत आणि सही त्यानंतर घ्यावी.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल, नागपूर