आईची नागीण आणि तोरीनोतल्या ताई

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून हे उघड पत्र. इटलीत नव्यानं आलेल्या मराठी मंडळींनाही उपयोगी पडेल.

आई आमच्याकडे आली आणि तिच्या कमरेवर एकाच बाजूला पाण्यानं भरलेले फोड उठले. अंगाची नुसती आग. "नागीण आहे," ती म्हणाली. आता हे डॉक्टरांना सांगायचं कसं? मोबाइलनं तर बाईंना साप झाल्याचं सांगितलं असतं. तुम्ही फोनवर दोनच प्रश्न विचारलेत: एकाच अंगाला आहे ना, आणि लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? मग म्हणालात, "फुओको दि सान्तान्तोनियो म्हण, लगेच कळेल." आपली नागीण इथे संत आंतोनियोची आग! कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि उतारवयात असा डोकं वर काढतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. आईच्या वेळेत सुरू झाल्या, त्या तुमच्यामुळे.

नंतर तुम्ही दिलेली यादी अजून फ्रिजवर आहे. तीळ म्हणजे नेओ, मुरूम म्हणजे ब्रूफोलो, घामोळं म्हणजे सुदामिना (आईच्या मते ही सुदाम्याची बायको). "अंगावर पित्त उठलंय" याच्यापुढे मात्र तुम्ही लाल शाईनं लिहिलंत: पित्ताचं नाव काढू नका, ओर्तिकारिया म्हणा, नाहीतर यकृताच्या तपासण्या मागे लागतील.

फार्माचियातला, म्हणजे औषधांच्या दुकानातला, प्रसंग तर विसरणं शक्य नाही. आईला गालावरच्या वांगासाठी "गोरं करणारी क्रीम" हवी होती. तुम्ही काउंटरवर फक्त मेलाज्मा एवढंच बोललात, "गोरं" गिळून टाकलंत. मिळालं ५० एसपीएफचं सनस्क्रीन. आई हिरमुसली, पण वांग उन्हानं गडद होतो, तेव्हा आधी ऊन अडवायला हवं हे तुम्ही तिला पटवलंत. रंग उजळायच्या सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन या रसायनाला युरोपीय संघात बंदी आहे, हेही सांगितलंत. दुभाष्यानं शब्द गाळू नये म्हणतात. हा गाळलात ते मला आवडलं.

शेजारच्या सिन्योरा आईला कौतुकानं "आब्रोन्झाता" म्हणाल्या, तेव्हाही तुम्हीच होतात. "उन्हानं रापलात" असं सांगितलं असतं तर आई दोन दिवस बोलली नसती. इथे लोक मुद्दाम समुद्रावर पडून तो रंग मिळवतात. तुम्ही म्हणालात, "तुमची कांती छान दिसते म्हणतायत." आई लाजली हो!

ती आता साताऱ्याला परतली आहे. तिनं तुमच्यासाठी मेतकूट पाठवलंय, रविवारी घेऊन येते. नको म्हणू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची