तोंडाने द्यायच्या सलाईनबद्दल, डॉ. महालनबीस, तुमचे आभार

आदरणीय डॉ. दिलीप महालनबीस यांस,

16 ऑक्टोबर 2022 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, कोलकात्यात तुम्ही गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, तरी लिहीत आहोत. जलसंजीवनीची पुडी घरोघरी ठाऊक आहे. तिच्यामागचे तुमचे नाव फार थोड्या घरांत ठाऊक आहे.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून लाखो माणसे सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. बनगावच्या छोट्या इस्पितळात पटकीचे (कॉलऱ्याचे) रोगी जमिनीवर दाटीने पडलेले होते, शिरेतून द्यायचे सलाईन संपत चालले होते आणि सुई लावू शकणारी माणसे तर त्याहून कमी होती. पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते. ते तितक्याच वेगाने भरून निघाले नाही, तर काही तासांत माणूस हातचा जातो.

अशा वेळी तोंडाने पाजायला तुम्ही केलेले मिश्रण किती साधे होते! एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. पुड्या कोलकात्यात भरल्या गेल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली आणि बनगावला पिंपांत ते पाणी कालवले गेले. लिटरमागे खर्च आला 11 पैसे.

यातले ग्लुकोज 'ताकदीसाठी' आहे असे अजूनही अनेकांना वाटते. खरे काम वेगळे आहे. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी एक वाट असते. पटकीचे विष बाकी सगळा कारभार बिघडवते, पण ही वाट उघडी राहते. जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जाते. नुसत्या मिठाच्या पाण्याने हे साधत नाही.

हे तत्त्व तुमच्या आधी माहीत होते, आणि 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश या अमेरिकी डॉक्टरांनी ते रोग्यांवर सिद्धही केले होते. पण ते इस्पितळातल्या देखरेखीखाली. तुम्ही पेला रोग्याच्या आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हातात दिला. आमच्या मते तुमचे सर्वांत मोठे धाडस हेच, आणि आमचे आभारही मुख्यतः त्यासाठीच. प्रशिक्षण नसलेल्या माणसांनी पाजलेले हे पाणी चुकले असते, तर दोष तुमच्या माथी आला असता. लोकांचा विश्वास सलाईनवर होता, म्हणून तुम्ही त्याला तोंडी सलाईन म्हटलेत. छावण्यांत पटकीने शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. तुमच्या देखरेखीखालच्या रोग्यांत ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले.

पुढे मिश्रण बदलत गेले. तुमच्या बनगावच्या पाण्यात पोटॅशियम नव्हते, ते आले; सोड्याच्या जागी सायट्रेट आले, कारण त्याने पुडी जास्त टिकते. 2002 पासूनच्या पुडीत लिटरमागे मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते, म्हणजे एकूण 20.5 ग्रॅम. मीठ-साखर कमी केल्यावर उलट्या आणि जुलाब दोन्ही घटले.

मात्र पेला घरच्यांच्या हाती आला तशा घरच्या चुकाही आल्या. सर्वांत मोठी म्हणजे लिटरची पुडी एका पेल्यात कालवणे. त्याने रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते. अर्धी पुडी अंदाजाने काढणेही वाईट, कारण मीठ आणि ग्लुकोज पुडीत सारखे मिसळलेले असेलच असे नाही. चव यावी म्हणून वरून साखर घातली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीतल्या गोड पेयांचेही तेच. पाणी उकळायचे ते आधी, गार झाल्यावर पुडी घालायची. 24 तासांनी उरलेले ओतून टाकायचे.

दुसरी चूक अपेक्षेची. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत, शरीर सुकणे थांबते. हे सांगितलेच नाही तर दुपारपर्यंत आई म्हणते, 'गुण नाही', आणि पाजणे सोडते. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200, मोठ्यांना हवे तितके. उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक. बहुतेक घरे या पहिल्या उलटीलाच हार मानतात. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवायचे. सोबत जस्त (झिंक) दहा ते चौदा दिवस: सहा महिन्यांखाली रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. मूल गळून पडले, पिईनासे झाले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू मागे गेली किंवा शौचातून रक्त पडले, तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. शरीर फारच सुकले असेल, तर शिरेतल्या सलाईनला पर्याय नाही.

या मिश्रणाचे पेटंट तुम्ही घेतले नाही. पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये, मरणोत्तर. तुम्ही आणि तुमच्या पत्नीने मिळून कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थला एक कोटी रुपये दिलेत, तुम्ही जिथे काम केले होते त्याच मुलांच्या इस्पितळाला. मुले बरी होऊन घरी जावीत ही तळमळ तुमच्या घरात दोघांचीही होती, हे त्यातून आम्हांला कळले. त्यांचेही आभार.

आम्ही पुडी देताना आता एक गोष्ट न चुकता करतो: घरातले लिटरभर मावणारे भांडे आणायला सांगतो आणि पहिले पाणी आईकडूनच कालवून घेतो. पेला तिच्या हातात द्यायला तुम्ही शिकवलेत.

तुमचे ऋणी,
जुलाबाच्या मुलांसाठी काम करणारे आम्ही सर्व