चिमीच्या झोपेविषयी

नंदगड, ता. खानापूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. सौ. अक्का हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मळणी आटोपून तू रविवारी सायंकाळी निघालीस, तेव्हा अंगणात आपली जी बोलाचाली झाली, तिच्यानंतर मी तुला फोन केलेला नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू तो ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो आहे. तुझ्या आईने बजावले आहे की गाडीचा विषय पत्रात एकदाच काढा आणि पुढे घरच्या गोष्टी लिहा. मीही तसेच ठरवले आहे.

विषय एवढाच आहे. मोटारसायकलवर सोन्या पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसला होता, चिमीला तू ओढणीने पाठीशी बांधली होतीस, आणि गाडी वेशीच्या चिंचेपर्यंत पोचण्याआधीच चिमीची मान एका बाजूला कलंडली होती. दिवसभर खळ्यावर खेळून दमलेले पोर, गार वारा आणि इंजिनाची लय, तिला झोप लागणारच. तुला ते दिसणे शक्यच नव्हते, कारण ती तुझ्या पाठीमागे होती. मी दारात उभा राहून ते पाहिले आणि तू पिरनवाडीला पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात आलो नाही.

तू जाताना म्हणालीस, "आप्पा, तुम्ही साठ-सत्तर माणसे भरून चोर्ल्याचा घाट उतरत होता, तेव्हा तुमच्या हातावर कोणी शंका घेतली का?" हा प्रश्न मला लागला, कारण त्यात तू मला माझ्याच नोकरीचा मान दिलास आणि त्याच मानाने माझे तोंड बंद केलेस. त्याचे उत्तर तेव्हा सुचले नाही, ते आता लिहितो. माझ्या बसमध्ये झोपलेला माणूस फार तर शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत असे. त्याच्या भोवती पत्रा होता, पुढे दांडी होती, खाली फरशी होती. मोटारसायकलवर बसलेल्या मुलाच्या भोवती काहीच नसते. त्याची स्वतःची पकड एवढाच त्याचा आधार, आणि झोप लागताच तीन वर्षांच्या मुलाची पकड सुटते. टपावर न बांधता टाकलेल्या पोत्याप्रमाणे मग ते वळणाच्या उलट बाजूला झुकते आणि गाडीचा तोलही आपल्याबरोबर नेते. त्यामुळे माझी शंका तुझ्या हातावर मुळीच नाही. तुझा हात कितीही चांगला असला तरी चिमीच्या झोपेवर तो चालत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

तुझा हात चांगला आहे हे मला कोणी सांगायला नको. शाळेच्या मैदानावर तू पहिल्यांदा माझ्या गाडीचा क्लच सोडलास, तेव्हा गाडी चार हात उडी मारून बंद पडली आणि तू खाली आलीस. गुडघा फुटला होता. मी धावत येईपर्यंत तू गाडी एकटीने उभी करून पुन्हा किक मारत होतीस. डेपोत त्या वेळी लोक मला म्हणाले की पोरीला फटफटी शिकवून काय करणार आहात, आणि मी त्यांना काय उत्तर दिले ते तुला आईने सांगितलेच असेल. पुढे जावईबापू सीमेवर गेले, त्यांची गाडी घरात ताडपत्रीखाली उभी होती, आणि तू ती पुसून बाहेर काढलीस. पोरांची शाळा, पतसंस्थेची नोकरी, सासूबाईंची औषधे, सगळे त्या गाडीवर तू एकटीने ओढतेस. बाजारात कोणी विचारले तर मी थांबून हे सांगतो. आईला ते आवडत नाही, पण मी सांगतो.

आता टाकीविषयी लिहितो, कारण सोन्याला तिथे बसायला आवडते आणि तू त्याचे मन मोडत नाहीस. टाकीवरचे मूल हँडल आणि तुझी छाती यांच्या मध्ये असते. गाडी अचानक थांबली की ते पुढे हँडलवर आदळते, आणि त्याच क्षणी तुझे सगळे वजन मागून त्याच्यावर येते. त्याच्या बरगड्या अजून कोवळ्या आहेत आणि त्याचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे व जड आहे, म्हणून लहान मूल पडते तेव्हा बहुधा आधी डोकेच लागते. शिवाय घाबरलेले मूल हाताशी येईल ते धरते, आणि टाकीवर बसलेल्याच्या हाताशी काय असते ते तू जाणतेस: हँडल आणि त्याच्या टोकाला ॲक्सिलरेटर. मागे बसवले तरी काळजी संपत नाही. त्याचे पाय पायदानापर्यंत पोचत नाहीत, ते लोंबकळतात, एका बाजूला तापलेला सायलेन्सर आणि दुसऱ्या बाजूला चेन व चाकाचे आरे. आऱ्यांत टाच सापडलेली पोरे मी पाहिली आहेत. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी आणि मागच्याला धरायला कडी गाडीला असावी असा नियमच आहे. जावईबापूंनी ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून ठेवली होती असे मला आठवते. ती माळ्यावर असेल, बसवून घे. आणि ओढणीने बांधणे थांबव. ओढणीची गाठ सरकते, तिचे टोक वाऱ्याने चेनकडे जाते, आणि ती मुलाला धरून ठेवते असे वाटून आपण उगाच निर्धास्त होतो.

हे मी जरा शिकवल्यासारखे लिहिले. नवीन ड्रायव्हरांना सांगायची सवय अजून गेलेली नाही, त्याबद्दल रागावू नकोस.

पण आपल्या रस्त्याचे हे दिवस कसे असतात ते तुलाही ठाऊक आहे. गावागावांत लोकांनी भात आणि नाचणी डांबरावर पसरली आहे, त्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी आयती मळणी होते म्हणून. त्या पिंजरावर चारचाकीला काही होत नाही, दुचाकीचे पुढचे चाक मात्र ब्रेक लावताच घसरते. खानापूरपासून पुढे चौपदरी झाल्यापासून वेग आपोआप वाढतो आणि त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात. मागे दिवा नाही, तांबडी पट्टी उसाच्या पाल्याखाली झाकलेली, आणि टायर फुटला की ट्रॉली रात्रभर तिथेच उभी. धुके असले तर ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७ मीटर, आणि डोळ्याला दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग दीडपट झाला की धडकेचा जोर सव्वादोनपट होतो. हे हिशेब मी बसवर शिकलो, आणि ते सोन्याला टाकीवर पाहिल्यापासून रोज डोक्यात फिरतात. सकाळी तू शाळेला जातेस तेव्हा उद्यमबागेत पाळी सुटण्याची वेळ असते, कामगारांच्या गाड्या आणि लोखंडाच्या लॉऱ्या एकदमच रस्त्यावर येतात, आणि तिथून तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत कोणी कोणाला वाट देत नाही. लांबचा प्रवास वर्षातून क्वचित होतो, हा मात्र रोजचा आहे. मला रोजच्याची भीती अधिक वाटते, कारण रोजच्या रस्त्यावर माणूस सावध राहणे सोडतो.

कायदा तुला माहीत नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो, आणि १२९ व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवे. म्हणजे सोन्यालाही हवे, ते तुझ्यासारखेच पूर्ण आणि आय. एस. आय. शिक्क्याचे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे: मुलाच्या अंगात पट्ट्यांचा जामा असावा, नऊ महिन्यांपासून पुढे डोक्याला बसणारे हेल्मेट असावे, तिथे सायकलचे हेल्मेटही चालते, आणि मूल मागे असताना वेग ४० च्या वर जाऊ नये. पोलीस दंड करतील म्हणून मी हे लिहीत नाही. पोलीस लहान मुले पाहून सोडून देतात, आणि तेच मला पटत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांनी नेमका झोपलेल्या मुलाचाच विचार केला असावा असे मला तो वाचताना वाटले, आणि म्हणून मी तो दोनदा वाचला.

तो जामा मी आणवला आहे. मामाच्या धाकट्याने ऑनलाइन मागवून दिला, इथल्या बाजाराला येणाऱ्या तुझ्या शेजारच्या काकूंच्या हाती या पत्राबरोबर पाठवतो आहे. जाड नायलॉनचा आहे, आत फोम आहे, पाण्याने खराब होत नाही, आणि नियमात सांगितल्याप्रमाणे तीस किलोपर्यंत वजन पेलेल असे त्यावर लिहिले आहे. तो आधी चिमीच्या अंगात घालायचा, छातीवरचे बकल लावायचे, मग त्याचे दोन पट्टे तू दप्तरासारखे आपल्या खांद्यांवर घ्यायचे आणि ओढून तिला पाठीशी लागून बसवायचे. पट्टे ढिले राहिले तर ती बाजूला लोंबेल आणि उपयोग होणार नाही. मी घरी उशीला घालून पाहिले, पहिल्यांदा आत-बाहेर कळत नाही, म्हणून आतल्या बाजूला तांबड्या दोऱ्याने टाका घातला आहे. हेल्मेट मात्र मी घेतले नाही, कारण ते डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. भुवयांच्या वर दोन बोटे राहिली पाहिजेत, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जावे, आणि मान हलवली तरी ते हलू नये. चिमीसाठी हलके बघ. मोठ्याचे जड हेल्मेट तिच्या मानेला पेलणार नाही, आणि झोपेत ते डोके आणखी खाली ओढील.

तू म्हणशील, दोघांना घेऊन मी दोन फेऱ्या कशा मारू, आणि पतसंस्थेत वेळेवर कशी पोचू. हे खरे आहे आणि यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बाईमाणसाला बसचे तिकीट लागत नाही, सोन्याचे तेवढे अर्धे पडेल, असे मी म्हणालो तेव्हा तू म्हणालीस की पिरनवाडीला सकाळची बस दारापर्यंत भरून येते आणि दोन पोरांना घेऊन आत शिरता येत नाही. मी त्या बसच्या पुढच्या सीटवर बसलेला माणूस आहे, तू खोटे बोलत नाहीस हे मला समजते. म्हणून माझे मागणे एवढेच आहे: सोन्याला शाळेच्या व्हॅनला लाव, त्याचे पैसे मी देईन, आणि नको म्हणू नकोस. पेन्शन आहे, भाताला या वर्षी बरा भाव मिळाला आहे, आणि नातवाच्या व्हॅनला पैसे देणे हे कोणाच्या उपकारात मोडत नाही. व्हॅन लावताना आधी एकदा स्वतः जाऊन बघ, किती मुले कोंबतो आणि दार नीट लागते का ते. मग गाडीवर तू आणि चिमी दोघीच, जामा घालून, आणि चाळीसच्या आत.

धाकट्या काकांचे मी लिहिणार नाही. तुला तेव्हा कळण्याचे वय होते. आई अजूनही गणेबैलवरून जाताना खिडकीच्या आतल्या बाजूला बसते.

तू शेवटी म्हणालीस, "माझी पोरे मला तुमच्याहून जास्त आहेत." हे खरे आहे आणि ते तसेच असावे. तुझ्याइतके त्यांच्यासाठी कोणी झिजत नाही, आणि नवरा इतक्या लांब असताना एका शब्दाने तक्रार न करता तू जे चालवतेस ते मला माझ्या आईची आठवण करून देते. ती सोयरिकीला पायी जात असे, काखेत एक आणि हाताला धरून एक. तिला घाई करता येत नसे, आणि मूल झोपले तर ती झाडाखाली बसून राहत असे. तुलाही तेवढे करता येते. लांबच्या रस्त्याला चिमी पेंगू लागली असे वाटले की खानापूरच्या स्टँडवर किंवा देसूर क्रॉसला गाडी उभी कर, तिला उतरव, तोंडावर पाणी मार, चार पावले चालव. उशीर झाला तर होऊ दे. आणि दिवस मावळल्यावर इथून निघूच नकोस, राहा. खोली झाडून ठेवलेली असते.

मी पुन्हा त्याच विषयावर आलो. आईने वाचून पाहिले आणि म्हणाली, घरच्या गोष्टी कुठे आहेत? तर तांबू अजून व्यायली नाही. रताळी काढून झाली, एक पोते तुझ्यासाठी ठेवले आहे, पण ते गाडीवर न्यायचे नाही, मी बसमध्ये घालून देईन. सासूबाईंना नमस्कार सांग. जावईबापूंना मी यातले काही कळवलेले नाही, तिथे त्यांना दुसरी काळजी पुरेशी आहे. पुढच्या शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी येतो आणि सोन्याला घेऊन हेल्मेटच्या दुकानात जाऊ. त्याला सांग, रंग त्याने निवडायचा.

तुझे,
आप्पा

ता. क. दोन्ही पोरांच्या डोक्याचा घेर भुवयांच्या वरून दोरी धरून मोज आणि सेंटीमीटरमध्ये कळव. दोरी ताणू नकोस, नुसती टेकव. चिमीचा घेर ती जागी असताना घे, झोपेत मान वाकडी असते आणि माप चुकते.