काल फोन ठेवल्यावर

वाई, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू विचारलंस, "बाबा, मी वाईट नाहीये ना?" आणि मी म्हटलं, "याचं उत्तर द्यायचं नाही, ठरलंय ना?" मग तू गप्प, मीही गप्प. चांगली दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत मनात मोजत होतीस का गं? जाऊ दे. हे विचारायचं नाही म्हणूनच पत्र लिहायला बसलो.

मोजत असलीस तरी आम्हाला कळणार नाही, हीच पंचाईत. माईआत्याचा मंत्रचळ, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी, अख्ख्या वाड्याला दिसायचा. तासभर नळावर, हात पांढरेफटक. तुझाही तोच आजार, पण सगळं आतल्या आत. शिरवळची शाळा सुटून मी खंबाटकीचा घाट चढून येईपर्यंत तू देवघरासमोर बसलेली असायचीस. सात वर्षांची पोर, रामरक्षा तोंडपाठ! आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचो. मध्येच 'तसला' विचार आला की पहिल्यापासून, चार-चार वेळा, नाहीतर घाटात बाबांना अपघात होणार, हे मला यंदा डॉक्टरांच्या खोलीत कळलं. गणिताचा मास्तर मी, आणि घरातली मोजणी दिसली नाही.

विळीचंही तेच. कामचुकार म्हणून किती बोललो तुला. विळी दिसली की आईबद्दल मनात काय यायचं, ते तू सांगणार तरी कुणाला? असे विचार बहुतेकांना येतात म्हणे. मला आलाय. धोम धरणावर तू कडेवर होतीस आणि वाटलं, हात सुटला तर? सुटला नाही, आपणच सोडला तर? घरी येऊन पिठलं-भात जेवलो आणि विसरलो. तू मात्र अशा प्रत्येक विचाराची फेड करत बसतेस.

आता थोडी मास्तरकी. विचार हाकलायचा नाही. हाकलणं, 'मी तशी नाही' असं मनाला बजावणं, कालचं पुन्हा पुन्हा तपासणं, हे सगळं हात धुण्यासारखंच. 'असेल बुवा, नसेल बुवा' म्हणायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. चुकून जप झालाच, तर तो विचार मुद्दाम परत आणायचा, म्हणजे फेड अर्धवट राहते. हे तुला तिथे शिकवतातच, मी कशाला... चुकलं. पण गोळ्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तुझा पाचवा चालू आहे, मध्येच सोडू नकोस. रात्री फारच अंगावर आलं तर टेली-मानस, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

आई म्हणते, "'तू गुणाची आहेस' एवढं म्हणायला तुमचं काय जातं?" बारा वर्षं तेच म्हणत आलो. पंधरा मिनिटं पुरायचं, की पुन्हा तोच प्रश्न. काल तू फोन ठेवलास आणि परत केला नाहीस. साडेबारापर्यंत उशाशी घेऊन जागा होतो. वाजला नाही म्हणून अभिमान वाटत होता, आणि वाजला नाही म्हणूनच झोप येत नव्हती.

शेजारच्या बंडूबरोबर मेतकूट पाठवलंय. डबा परत दे, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत. बुधवारी फोन करतो. 'ते' विचारणार नाही.

तुझे
बाबा

ता. क. वर सहीआधी एक ओळ खोडली आहे. काय होती ते ओळखलंच असशील. उत्तर देऊ नकोस.