पंप पाठीवर घेण्याआधी कोष बघा

महोदय,

आपल्या शेतीच्या पानावर हरभऱ्याचे घाटे (शेंगा) पोखरणाऱ्या घाटेअळीबद्दलचा सल्ला वाचला. औषधांची नावे, पंपाला किती मिली, सगळे व्यवस्थित दिले आहे. फवारायचे की नाही हे ठरवण्यासाठी रानात काय बघायचे, त्याला मात्र एक ओळही मिळालेली नाही.

आमच्या मंद्रूप भागात हरभरा फुलकळीवर आला की अळी दिसो न दिसो, औषधाच्या दुकानात पहिल्या फवारणीबद्दल प्रश्न येतो, "बाई, पहिला हात मारला का?" याच दिवसांत शेंड्याकडची पाने उलटून पाहिली तर तांदळाच्या दाण्याएवढा करडा कोष चिकटलेला सापडतो. शेजारी अळीचे सुकलेले कातडे असते. हे कॅम्पोलेटिस क्लोरिडी या गांधीलमाशीसारख्या बारीक परोपजीवी माशीचे काम. मादी कोवळ्या घाटेअळीत अंडे घालते. आतले पिल्लू अळीला खाऊन बाहेर पडते आणि तिथेच कोष विणते. म्हणजे घाटे पोखरण्याइतकी मोठी होण्याआधीच अळी संपलेली असते.

पण एवढ्या रानात एवढीशी अळी हिला सापडते कशी? अळी स्वतः फारसा वास सोडत नाही, पण तिने खाल्लेले झाड सोडते, आणि त्या वासाच्या मागावर माशी येते. अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी हे १९९० मध्ये मक्यावर दाखवले. त्यांची माशी वेगळी होती, अळीही वेगळी. नुसते पान कापले तर गवत कापल्यावर येतो तसला हिरवा वास सुटतो आणि थोड्या वेळात विरतो. तेच पान अळीने कुरतडले, तिची लाळ जखमेला लागली, की काही तासांनी निराळेच गंध निघू लागतात. त्याच झाडाच्या अळी न लागलेल्या पानांतूनही निघतात. कापलेल्या जागेवर माणसाने अळीची लाळ लावली तरी झाड फसते. लाळेतला हा घटक १९९७ मध्ये सापडला, त्याचे नाव व्होलिसिटिन. पुढच्याच वर्षी असेही दिसले की दोन सख्ख्या वाटाव्यात अशा अळ्यांपैकी आपल्या कामाची कुठली, हे एक माशी कापूस-तंबाखूच्या वासावरून ओळखते.

हरभऱ्याचे आणखी एक आहे. माझ्या सासूबाई पहाटे रानात धडपे पसरून आंब, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरचे आंबट दव, धरायच्या, पोटदुखीवर द्यायला. ही आंब ट्रायकोग्रामाच्या, म्हणजे किडीच्या अंड्यात अंडे घालणाऱ्या बारक्या माशीला झाडावर नीट वावरू देत नाही. त्यामुळे उसाला चालणारे ट्रायकोकार्ड, म्हणजे ही माशी सोडायचे कार्ड, हरभऱ्यात तितकेसे लागू पडत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, कार्ड मात्र सगळ्या पिकांना चालते म्हणून विकले जाते. कॅम्पोलेटिस या आंबेतूनही अळी गाठते, आणि तिचे बिल येत नाही. फुलकळीवर मारलेल्या विषारी फवाऱ्यात अळीच्या आधी तीच मरते. मग मागाहून आलेल्या अळ्यांना रान मोकळे.

औषध कधीच मारू नका असे माझे म्हणणे नाही. अळ्या वाढल्या तर मारावेच लागते, घाटे काही वाट बघत नाहीत. पण सल्ल्याचा क्रम बदलावा. आधी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), मग ओळीत मीटरभर जागेतल्या अळ्या मोजणे, त्यासोबत कोष मोजणे. गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू, आणि रासायनिक औषध सगळ्यात शेवटी. बांधाला चार ओळी कोथिंबीर फुलावर सोडायलाही सांगा. पूर्ण वाढलेली कॅम्पोलेटिस फुलातल्या मधावर जगते.

आणि त्या कोषाचा फोटो छापा. औषधांच्या जाहिरातीएवढा मोठा, रंगीत, आणि हरभरा फुलकळीवर येण्याच्या आधीच्या आठवड्यात. घाटे भरल्यावर छापलात तर तोवर पहिला हात मारून झालेला असेल.

— एक शेतकरी वाचक, मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर)