वकीलताई, त्या दोन रकान्यांसाठी

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फी घेतली नाहीत आणि समोर बसून आभारही मानू दिले नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. माझ्यासारखे कितीतरी फोटोग्राफर मॉडेल रिलीजचा, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या लेखी संमतीपत्राचा, फुकट नमुना उतरवून घेतात, नाव भरतात आणि समोरच्याची सही घेतात. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

येवल्यात पैठणी विणणाऱ्या आजींचे फोटो मी स्वतःहून काढले होते. मागावर वाकलेल्या आजी, हातात धोटा, पदरावर अर्धा विणून झालेला मोर. मागे नातू कांड्या भरतोय. एका कपड्याच्या कंपनीला तो फोटो जाहिरातीत वापरायचा होता, आणि जाहिरात म्हटली की लेखी संमती आलीच. इंग्रजी नमुन्यावर आजींचा अंगठा घेऊन मी तुमच्याकडे आलो, तो एकदा नजर टाका म्हणायला.

तुम्ही आधी शेवटचं कलम वाचलंत. वाद झाल्यास न्यूयॉर्कचा कायदा लागू! "आजी न्यूयॉर्कला जाणार का रे?" एवढंच विचारलंत. मग मोबदल्याच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलंत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवायचा करार, काही अपवाद सोडले तर, टिकत नाही. नातू १६ वर्षांचा आणि सही त्याने स्वतः केलेली. १८ पूर्ण नसलेल्याला करार करता येत नाही, वडिलांची सही हवी होती. फोटोचा कॉपीराइट माझा आहे हे मी ठासून सांगितलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "फोटो तुझा आहे. चेहरा त्यांचा आहे." (पैसे घेऊन दुसऱ्यासाठी फोटो काढणाऱ्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ जरूर वाचावं. वेगळा करार नसेल तर तिथे कॉपीराइटसुद्धा सहसा पैसे देणाऱ्याचा असतो.)

पण मी आभार मानतो आहे ते पुढच्या रविवारसाठी. तुम्ही कागदाचे दोन रकाने केलेत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि माझ्याबरोबर येवल्याला आलात. मागाशेजारी बसून एकेक ओळ वाचलीत. 'कायमस्वरूपी' या शब्दाशी आजींनी थांबवलं. "म्हणजे मी मेल्यावर बी?" मी गप्प झालो. त्या कागदावर त्यांनी आधी अंगठा दिला होता, आणि हा प्रश्न त्यांना पडू शकतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही 'कायमस्वरूपी' खोडून 'दोन वर्षे' लिहिलंत. दारू-गुटख्याच्या जाहिरातीत फोटो नको, असं आजी म्हणाल्या, तेही पेनाने लिहिलंत आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी अंगठा घेतलात. खाली 'मजकूर मराठीत वाचून दाखवला, तो मला समजला' ही ओळ आली. शेजारच्या काकू साक्षीदार झाल्या.

असा हाताने बदललेला कागद फोटो विकणाऱ्या मोठ्या एजन्सी सहसा घेत नाहीत. त्यांना आपला छापील मजकूर जसाच्या तसा लागतो. तो फोटो मी एजन्सीला दिलाच नाही, थेट कंपनीला दिला. त्याची मला अजिबात खंत नाही.

एक प्रत आजींकडे ठेवायचा आग्रहही तुमचाच. ती त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. गेल्या महिन्यात कंपनीने आणखी एक वर्ष फोटो मागितला, तेव्हा मी आधी येवल्याला गेलो. आजींनी पिशवीतून कागद काढला, सुनेला मोबदल्याचा आकडा मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाल्या, "आता एवढ्यात नाही जमायचं." त्यांनी सांगितली तेवढी रक्कम कंपनीने दिली.

ताई, हे तुम्हाला कळवायचं होतं. मनापासून आभार.

तुमचा,
येवल्याच्या त्या फोटोचा फोटोग्राफर