आमच्या कुरबुरींनाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला समलिंगी पुरुषांवरचा लेख वाचला. पेशानं मी मुद्रितशोधक, त्यामुळे सवयीनं हातात लाल पेन घेऊनच वाचला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी तेच केलं. दोन्ही सनावळ्या बरोबर आहेत. 'समलिंगी' आणि 'समलैंगिक' एकाच परिच्छेदात आलटून पालटून आलेत, तेही सोडून देऊ. मला खटकला तो लेखातला माणूस. तो एकतर उशीत तोंड खुपसून रडतोय, नाहीतर झेंडा घेऊन रस्त्यावर उतरलाय. तो वैतागत कधीच नाही. त्याच्या जोडीदाराच्या घोरण्यानं त्याची झोप उडत नाही. मी ४७ वर्षांचा आहे, आणि माझ्या आयुष्यात रडण्यापेक्षा आणि झेंड्यापेक्षा कुरबुरींनीच जास्त जागा अडवली आहे. त्यातल्या काही इथं मांडतो.

पहिली कुरबूर म्हणजे 'हाय'. ओळखी करून देणाऱ्या अ‍ॅपवर समोरून येतं, 'हाय'. मी म्हणतो, 'हाय.' 'कसा आहेस?' 'मस्त, तू?' 'मस्त.' मग तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी तोच मनुष्य पुन्हा 'हाय' म्हणतो, आधीचं सगळं वरच्या ओळीत ढळढळीत दिसत असताना! छापखान्यात असा मजकूर दोनदा आला असता तर मी एक परिच्छेद काटला असता. नाव नाही, चेहरा नाही, मुंडकं छाटलेलं धड तेवढं आरशासमोर उभं. आणि याच धडाचा पुढचा प्रश्न असतो, 'फोटो पाठव ना.'

२००९ साली ग्राइंडर हे जवळपासचे समलिंगी पुरुष अंतरासकट दाखवणारं अ‍ॅप आलं आणि 'जवळचा' या शब्दाचा अर्थच पालटला. जवळचा म्हणजे मीटरमध्ये जवळचा. मी वापरायचो ते अ‍ॅप वेगळं होतं, पण तऱ्हा तीच. एकदा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. सहज फोन उघडला तर सगळ्यात वरचा चौकोन '८ मीटर' सांगत होता. खोलीत माझ्याशिवाय चार पुरुष. चौघंही फोनमध्ये डोकं घालून. एकाचा पाय सारखा हलत होता, एकानं तेवढ्यात फोन पालथा मांडीवर ठेवला. कुणी वर बघेना. मीही बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण मासिकाच्या वरच्या कडेवरून. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. अर्धं तोंड बधिर घेऊन बाहेर आलो तेव्हा तो चौकोन दीड किलोमीटरवर गेला होता. तो कोण होता हे मला आजतागायत माहीत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत म्हणे पँटच्या मागच्या खिशात रंगीत रुमाल खोचायचे. रंग कुठला आणि खिसा डावा की उजवा, यावरून समोरच्याला काय हवंय ते कळायचं. त्यात निदान शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हता.

बाहेरच्यांच्या दोन कुरबुरी आहेत, त्या झटक्यात उरकतो. 'तुमच्यात नवरा कोण?' हा प्रश्न आता बंद व्हावा. आणि 'माझा आणखी एक गे मित्र आहे, तुमची गाठ घालून देतो' असं म्हणणाऱ्यांनी आधी दोघांचं एखाद्या गोष्टीवर तरी एकमत होईल का, एवढं पाहावं. दोघांना पुरुष आवडतात हे पुरेसं असतं तर जगातल्या सगळ्या स्त्रीपुरुषांची लग्नं सुखाची झाली असती.

ओढीचं मात्र एक कोडं आहे, ते मला अजून नीट सुटलेलं नाही. कॉलेजात एक मुलगा होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो घड्याळ उजव्या हातात घालायचा आणि बोलताना ते मनगटावर गोल फिरवायचा. मी त्याच्याकडे तासन् तास बघत असे. आठवड्याभरात माझंही घड्याळ उजव्या हातात गेलं. मला तो हवा होता, की मला तो व्हायचं होतं? मुलींवर जीव टाकणाऱ्या माझ्या मित्रांना हा प्रश्न कधी पडल्याचं मी ऐकलं नाही. आमच्यात मात्र जो आवडतो त्याच्याशी मनातल्या मनात तुलनाही चालूच असते, त्याचे खांदे, त्याचे केस, त्याचं पोट. जवळ जातानाही कुठंतरी आपलेच गुण दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेशी ताडून पाहत असतो. पुढे त्या मुलाचं काय झालं ठाऊक नाही. घड्याळ मात्र अजून उजव्याच हातात आहे.

आता एका शब्दाबद्दल. 'क्लीन आहेस ना?' हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की त्यात काही वावगं आहे हेच लक्षात येत नाही. एच.आय.व्ही. नाही ना, असं त्याला विचारायचं असतं. म्हणजे ज्याला आहे तो मळलेला. दहाएक वर्षांपूर्वी एकाशी माझ्या दोन भेटी झाल्या होत्या. दुसऱ्या भेटीच्या शेवटी त्यानं आपणहून सांगितलं, की तो पॉझिटिव्ह आहे, रोज गोळी घेतो आणि तपासणीत विषाणू सापडत नाही इतकं प्रमाण खाली आहे. मी समजूतदारपणे मान हलवली. घरी येऊन 'या आठवड्यात जरा गडबड आहे' असं कळवलं. गडबड काहीही नव्हती. २०१९ साली युरोपातल्या १४ देशांमधला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ७८२ पुरुष जोडपी होती. प्रत्येकात एकाला संसर्ग होता आणि उपचारांनी विषाणू दबलेला होता. निरोधाशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले, आणि त्या जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याची एकही घटना आढळली नाही. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी त्याला पुन्हा निरोप टाकला. त्यानं उत्तर दिलं, अगदी सभ्य भाषेत: 'खूप दिवसांनी! गडबड संपली का?' यापुढे काही लिहायला मला तोंड नव्हतं.

आणि शेवटची कुरबूर. ही लिहायला जड जाते आहे. 'बायकी नको.' 'फक्त मर्दानी.' 'स्ट्रेट वाटणाराच हवा.' जाडे नकोत, काळे नकोत, म्हातारे नकोत. चेहरा लपवून दुसऱ्याच्या चेहऱ्याला अटी घालणारी ही पाटी बहुतेक प्रोफाइलवर या ना त्या रूपात असते. ग्राइंडरनं २०२० साली वंशानुसार माणसं गाळणारी चाळणी काढून टाकली. ठीक आहे, पण चाळणीत जे गाळता येत नाही ते लोक बोटांनी टाइप करतात. मी या पाट्यांवर फार हसायचो, मित्रांना वाचून दाखवायचो, 'मर्दानी'तला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दाखवायचो.

शाळेत माझी चाल बघून मुलं मला 'बायल्या' म्हणायची. सुट्टीत वर्ग रिकामा झाला की मी कोपर कमरेला घट्ट दाबून, पाय जमिनीवर आपटत, फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत चालण्याचा सराव करत असे. दोन वर्षं केला. जमला. आज मला चालताना बघून कुणालाही शंका येणार नाही. आणि अडतिसाव्या वर्षी याच मी स्वतःच्या प्रोफाइलवर, शुद्धलेखनाची एकही चूक न करता, लिहिलं होतं, 'बायकी नको.'

ते दोन शब्द तिथं दीड-दोन वर्षं होते. मग मला तो भेटला. एका मित्राच्या घरी, अ‍ॅपबिप काही नाही. तो गोष्ट सांगताना उभा राहतो. हात, भुवया, खांदे, सगळं कामाला लावतो आणि हसतो तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक डोकावतात. मी तीन तास दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही. सहा महिन्यांनी आम्ही एकत्र राहायला लागलो. एका रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता तो म्हणाला, 'तुझं प्रोफाइल मी आधी पाहिलं होतं बरं का. तू मला लगेच ओळखलं नाहीस, मी तुला ओळखलं.' माझ्या हातात त्याचा शर्ट होता. 'मग तरी बोललास?' तो म्हणाला, 'मला बघायचं होतं, किती वेळ लागतो.' आणि घडी घातलेला टॉवेल कपाटात ठेवून आला.

फर्मान काढून ओढ वाटायला लावता येत नाही, हे मलाही कळतं. कुणाला कोण आवडावं हे मी सांगणार नाही. पण माझी ओढ काय आहे हे मलाच नीट ठाऊक नव्हतं आणि मी तिच्या नावानं दारावर पाटी लावून बसलो होतो. बरं, सगळं सुधारलंय असंही समजू नका. आजही चारचौघांत तो गोष्ट सांगायला उभा राहिला की माझी खुर्ची बोटभर मागे सरकते. मी सरकवत नाही, ती सरकते. त्याच्या लक्षात येतं. तो आवाज आणखी चढवतो.

माझ्या कामाच्या ठिकाणी तो अजून अस्तित्वात नाही. दोष मराठी क्रियापदाचा, ते पक्कं फितूर आहे. 'गेला' म्हटलं की गेलाच, पुल्लिंगी. त्यामुळे मी 'येणार आहे', 'जायचंय', 'बरं नाहीये' अशी रूपं हुडकून वापरतो, त्यांना लिंग नसतं. गेली सात वर्षं मी भूतकाळात फारसा बोललेलो नाही. मागच्या महिन्यात रात्रभर जागून कामावर गेलो, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारपूस केली, तर म्हटलं, 'घरी ताप होता.' त्या म्हणाल्या, 'तुम्हाला?' मी 'हो' म्हटलं. मग दिवसभर त्या मला तासातासाला पाणी प्यायची आठवण करत राहिल्या आणि मी प्यायलो.

हे सगळं पुरवणीत यावं असं मला वाटतं. न्यायालयं आणि आत्महत्या यांच्यावर लिहूच नका असं मी म्हणत नाही. त्या बातम्या हव्यातच. पण पुढच्या लेखातल्या माणसाला एखादा क्षुद्र स्वभावदोष द्या. त्याला चुकू द्या, त्याला दुसऱ्या गे माणसाशी वाईट वागू द्या.

नाव छापू नये, ही विनंती. चेहरा न दाखवणाऱ्या धडांना वर मी नावं ठेवली आहेत याची जाणीव आहे.

आपला,
एक मुद्रितशोधक

ता. क. : पाठवण्यापूर्वी पत्र त्याला वाचायला दिलं. नावाबद्दल तो काही बोलला नाही. माझंच लाल पेन घेऊन त्यानं 'घरी ताप होता' हे वाक्य काटलं आणि समासात लिहिलं, 'तापानं फणफणला होता. पुल्लिंगी.'